भांडण संध्याकाळचे, विसर सकाळचा

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी मुले सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागतात त्या हॅलोवीनवरून गेल्या आठवड्यात आपण छापलेली दोन्ही पत्रे वाचली. एका गृहस्थांनी ३१ ऑक्टोबरला ‘सैतानाचा वाढदिवस’ म्हटले आहे, तर एका बाईंनी ‘मुलांचा चॉकलेटचा खेळ, त्यात धर्म कशाला ओढता’ असे विचारले आहे. दोघेही ख्रिस्ती आणि दोघांच्याही घरात लहान मुले. मी गेली ३१ वर्षे संडे स्कूलला शिकवते. ऑक्टोबर अर्धा सरला की उपासना संपल्यावर एखादी तरी आई मला दाराशी गाठते आणि इकडेतिकडे बघत विचारते, “बाई, पाठवू का नको?” इतक्या वर्षांत माझी दोन्ही उत्तरे देऊन झाली आहेत. त्यातले एक ज्या पद्धतीने दिले त्याची लाज अजून वाटते, म्हणून आधी तेच सांगते.

२०१० साली ३१ ऑक्टोबर रविवारी आला होता. माझ्या वर्गातल्या नऊ वर्षांच्या एका मुलाने उकडतेय म्हणून स्वेटर काढला. आत काळा टी-शर्ट, त्यावर पांढऱ्या चिकटपट्टीच्या फासळ्या. डाव्या बाजूला चार, उजव्या बाजूला तीन. एका फासळीचे टोक सुटून त्याच्या गीतांच्या पुस्तकाला चिकटले होते आणि तो ते हळूच सोडवत होता. दुपारी मित्राकडे हॅलोवीनची पार्टी होती, म्हणून तो घरूनच तयार होऊन आला होता. मी त्याला उभे केले. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा अठरावा अध्याय उघडला, चेटूक आणि मृतांना विचारणे याविषयीची वचने त्यालाच मोठ्याने वाचायला लावली आणि टी-शर्ट उलटा घालून यायला पाठवले. तो गेला, उलटा घालून आला, तास संपेपर्यंत एक शब्द बोलला नाही. तेव्हा वाटले होते, बरे झाले, धडा मिळाला.

संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला. ती रागावली असती तर बरे झाले असते. ती शांतपणे म्हणाली, “बाई, तो म्हणतोय, ती हाडं तुम्हीच फळ्यावर काढली होती.” मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दोनच रविवार आधी मी यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा सदतिसावा अध्याय शिकवला होता. शुष्क हाडांचे खोरे, हाडाला हाड कसे जुळते, त्यांच्यावर मांस चढून शेवटी त्यांत श्वास कसा येतो, हे सगळे खडूने काढून दाखवले होते. तो मुलगा भूत झालाच नव्हता, यहेज्केलाचे खोरे झाला होता. पार्टीत सगळ्यांना सांगणार होता की ही हाडे पुन्हा उठतात.

पुढच्या रविवारी मी त्याची माफी मागितली. रागावले वर्गासमोर होते, म्हणून माफीही वर्गासमोरच. त्याने चार सेकंदांत माफ केले. मुलांना ते जमते. मला मात्र वेळ लागला. त्यानंतर मी एक केले, उत्तर द्यायच्या आधी या सणाविषयी नीट वाचायला बसले. तोवर माझे सगळे ज्ञान कुणीतरी झेरॉक्स काढून वाटलेल्या एका पानावर उभे होते.

पहिला धक्का नावातच बसला. हॅलोवीन हे ‘ऑल हॅलोज ईव्ह’चे बोलीतले, झिजलेले रूप. हॅलो म्हणजे पवित्र जन, ईव्ह म्हणजे आदली संध्याकाळ. १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण, त्याची ही पूर्वसंध्या. नाताळची जशी आदली रात्र असते, तशीच. प्रभूच्या प्रार्थनेत आपण ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’ म्हणतो ना, तिथे इंग्रजीत ‘हॅलोड’ आहे. तोच शब्द. ज्या शब्दाने मी त्या मुलाला दटावले, तो मी रोज सकाळी गुडघे टेकून इंग्रजीत म्हणत होते.

सर्व संतांचा दिवस पहिल्यापासून १ नोव्हेंबरला नव्हता. सातव्या शतकाच्या सुरुवातीला पोप बोनिफेस चौथे यांनी रोममधले पँथिऑन हे जुने देवालय मरिया आणि हुतात्म्यांच्या नावाने अर्पण केले, ते १३ मे रोजी. आठव्या शतकात पोप ग्रेगरी तिसरे यांनी संत पेत्राच्या महामंदिरात सर्व संतांसाठी एक प्रार्थनालय उभारले. नवव्या शतकात १ नोव्हेंबर ही तारीख पश्चिम युरोपात सर्वत्र रुळली. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या सर्व संतांचा दिवस आजही पेंटेकॉस्टनंतरच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणानंतरच्या, पहिल्या रविवारी पाळतात. म्हणजे त्यांच्या पंचांगात ३१ ऑक्टोबरला कसली पूर्वसंध्याच नाही.

मग लोक सांगतात ती केल्टिक, म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या प्राचीन लोकांची, भुते कुठून आली? आयर्लंड-स्कॉटलंडकडे १ नोव्हेंबरच्या सुमाराला हिवाळा सुरू होण्याचा एक जुना सण होता. त्याचे नाव लिहायचे एक आणि उच्चारायचे भलतेच, लोक ‘साविन’ म्हणतात. त्या रात्री आपले जग आणि परलोक यांतला पडदा विरळ होतो अशी समजूत होती. चर्चने मुद्दाम तोच दिवस गाठून त्यावर आपला सण बसवला, हे ठामपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. इतिहासकारांत मात्र त्यावर एकमत नाही. त्या सणाविषयी जे लिखित मिळते तेही बरेचसे ख्रिस्ती मठवासीयांनीच नंतरच्या काळात उतरवलेले. सैतानाच्या वाढदिवसाचा उल्लेख ना त्यात, ना पवित्र शास्त्रात. पत्रलेखक गृहस्थांनी तो कुठून काढला हे त्यांनी जरूर कळवावे.

दारोदार जाण्याची रीतही निम्मी आपल्याच घरातली निघाली. २ नोव्हेंबरला मृतांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना करण्याचा दिवस फ्रान्समधल्या क्लूनीचे मठाधिपती ओदिलो यांनी हजार सालाच्या आसपास आपल्या मठांत सुरू केला. पुढे इंग्लंडात गोरगरीब आणि मुले या दिवसांत घरोघर जात, घरातल्या मृतांसाठी प्रार्थना म्हणत आणि बदल्यात त्यांना लहान गोल केक मिळत. त्यांना ‘सोल केक’च म्हणायचे, आत्म्याचे केक. स्कॉटलंडात मुले सोंगे घेऊन फिरत. कोरलेला दिवा आधी सलगमचा असे. आयरिश माणसे १८४५ नंतरच्या दुष्काळात जहाजे भरभरून अमेरिकेत गेली, तिथे भोपळा मोठा आणि कोरायला मऊ, म्हणून भोपळा आला. ‘ट्रिक ऑर ट्रीट’, म्हणजे खाऊ द्या नाहीतर खोडी काढू, हे शब्द तर विसाव्या शतकातले, आणि ते वर्तमानपत्रांत आधी दिसतात कॅनडात. थोडक्यात, या सणात थोडे जुने केल्टिक आहे, बरेचसे मध्ययुगीन ख्रिस्ती आहे आणि वरचे सगळे वेष्टन अमेरिकन दुकानदारांचे. शेवटच्या थराची मला सगळ्यात जास्त चीड आहे, पण त्यावर कुणी उपासनेत बोलत नाही.

हे वाचून कुणाला वाटेल, बाईंनी पाटी पुसून ‘या, खेळा’ लिहिले. तसे नाही. अनुवादाचा तो अध्याय मी अजूनही शिकवते, फक्त जिथे लागू पडतो तिथे. शकुन पाहणे, मृतांना बोलावणे, भविष्य काढून घेणे, यांना तिथे सरळ मनाई आहे. मृतांना बोलावणाऱ्या एन-दोरच्या बाईकडे रात्री वेष पालटून गेलेल्या शौल राजाची गोष्ट वाचा. बारा-तेरा वर्षांच्या मुलींच्या हॅलोवीन पार्टीत मध्यरात्री प्लँचेट मांडतात किंवा टॅरोची पाने काढतात. माझ्याच वर्गातल्या दोघींनी मला हे सांगितले आहे. तिथे माझे उत्तर ‘नाही’, आणि त्यात मी पाणी घालत नाही. खेळ म्हणून मांडले तरी बोट फिरते तेव्हा पोरींच्या तळव्यांना सुटणारा घाम खोटा नसतो. चिकटपट्टीच्या फासळ्या मात्र कुणाला बोलावत नाहीत.

दुसरीही एक गोष्ट मला खुपते, तिच्यात भूतप्रेत काहीच नाही. वेड्यांच्या इस्पितळातून पळालेल्या माणसाचे सोंग, गळा चिरलेल्या बाईचे सोंग. ज्यांच्या घरात मानसिक आजाराचा माणूस आहे त्यांच्या दारावर असे सोंग ‘ट्रीट’ मागत उभे राहते तेव्हा आतल्यांना काय वाटत असेल? फिलिप्पैकरांस पत्रात प्रेषित पौल म्हणतो, जे काही सत्य, जे काही शुद्ध, जे काही प्रशंसनीय, त्याचे मनन करा. सोंग निवडताना मी तेवढीच चाळणी लावते. परी, अंतराळवीर, सिंह, सांगाडा चालेल. रक्ताचा कारखाना नको. आणि ज्या मुलाला रात्री दचकून उठायची सवय आहे, त्याला कुठेच नेऊ नका, मग शेजारच्या दहा घरांतली मुले जावोत.

आता घरातले सांगते. माझा मुलगा हॅलोवीनच्या ठाम विरोधात. माझी सून कॅथलिक घरातली, तिच्या माहेरी १ नोव्हेंबरला मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आणि २ तारखेला कबरस्तान, हे ठरलेले. नातू सहा वर्षांचा. दर ऑक्टोबरला आमच्या जेवणाच्या टेबलावर एक छोटी धर्मपरिषद भरते. तीन वर्षांपूर्वी अशीच ती रंगात आली होती. मुलगा इफिसकरांस पत्र काढून बसला, ‘अंधाराच्या निष्फळ कर्मांचे भागीदार होऊ नका’, मी रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय काढला, कोणी एक दिवस दुसऱ्यापेक्षा अधिक मानतो, कोणी सगळे दिवस सारखे मानतो. सून ताटे उचलत म्हणाली, “आई, तुम्ही दोघं संध्याकाळवरून भांडताय. सकाळी मिस्साला माझ्याबरोबर कोण येतंय?”

दोघेही गप्प. मी ३१ ऑक्टोबरवर तोवर २८ वर्षे बोलत होते आणि १ नोव्हेंबरवर माझ्या वर्गात एकही तास झाला नव्हता. आम्ही प्रॉटेस्टंट ३१ तारखेला धर्मसुधारक मार्टिन लूथरची आठवण काढतो. १५१७ साली याच तारखेला त्यांनी आपले ९५ मुद्दे मांडले, आणि ते जर्मनीतल्या ज्या विटेनबर्गच्या चर्चच्या दारावर ठोकले असे सांगतात, त्या चर्चचे नावच सर्व संतांचे. दुसऱ्या दिवशी तिथे सणाला गर्दी होणार हे त्यांना ठाऊक होते. म्हणजे आमची धर्मसुधारणासुद्धा याच पूर्वसंध्येला सुरू झाली. पण सणाचा दिवस आम्ही कॅथलिकांचा म्हणून सोडून दिला. विश्वासांगीकारात पवित्र जनांच्या सहभागितेवर विश्वास ठेवतो असे दर रविवारी म्हणतो, आणि पौल तर आपल्या पत्रांत साध्यासुध्या विश्वासणाऱ्यांनाच पवित्र जन म्हणतो. मग त्यांचा दिवस आपला कसा नाही?

त्या वर्षी मी सुनेबरोबर मिस्साला गेले. संध्याकाळी जेवणानंतर आम्ही एक मेणबत्ती लावली आणि आमच्या गेलेल्या माणसांची नावे घेतली. प्रत्येकाबद्दल एकच गोष्ट सांगायची, ती खरी असली पाहिजे, चांगली असलीच पाहिजे असे नाही. माझ्या सासूबाई प्रार्थनेत डुलक्या काढायच्या आणि आमेनला बरोबर जाग्या व्हायच्या, हे नातवाला तिथे कळले. मृतांसाठी प्रार्थना करावी की नाही यावर सून आणि मी एकमत होणार नाही. ती प्रार्थना करते, मी देवाचे आभार मानते. मेणबत्ती एकच असते.

संतांच्या गोष्टीही तेव्हापासून वर्गात घेते. इथे आईबापांना एक सावधगिरीची सूचना. भुतांना घाबरून तुम्ही संतांकडे वळलात तर तिथे जपून. संत लॉरेन्सना २५८ साली रोममध्ये मारले आणि परंपरा सांगते की लोखंडी जाळीवर भाजले, ‘ही बाजू झाली, आता उलटा’ असे ते म्हणाले म्हणे. पर्पेतुआ ही तरुण आई २०३ साली कार्थेजच्या आखाड्यात रानटी गायीपुढे उभी राहिली. मुले डोळे विस्फारून ऐकतात. हॅलोवीनचा कुठलाही मुखवटा यापुढे फिका.

नातवाने गेल्या वर्षी विचारले, “आजी, भूत असतं का?” मी म्हटले, “शिष्यांनाही वाटलं होतं.” मत्तयात चौदाव्या अध्यायात येशू पाण्यावरून चालत येतो आणि मोठमोठे कोळी भूत म्हणून ओरडतात. लूकच्या शेवटी पुन्हा तेच. पुनरुत्थित प्रभू समोर उभा आणि यांना वाटते आत्मा दिसतोय. तेव्हा तो त्यांना रागावत नाही. हात दाखवतो, पाय दाखवतो, चाचपून पाहा म्हणतो आणि शेवटी खायला मागून, त्यांनी दिलेला भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यादेखत खातो. नातू विचारात पडला. म्हणाला, “म्हणजे जो खातो तो भूत नसतो?” मी म्हटले, “तसंच काहीतरी.” त्या दिवसापासून घरात कुणाची चाहूल लागली की तो आधी बिस्किट पुढे करतो.

इतर मंडळ्यांत काय करतात तेही पाहिले आहे. अमेरिकेत बऱ्याच चर्चच्या आवारात गाड्यांच्या डिक्क्या सजवून मुलांना तिथेच खाऊ वाटतात. काही ठिकाणी त्याच दिवशी ‘कापणीचा उत्सव’ असतो. हरकत नाही, मुले सुरक्षित राहतात. पण ३१ तारखेला सोंगे घालून चॉकलेट गोळा करायचे आणि त्याला कापणी म्हणायचे, याला मुले हसतात. शिवाय वर्षातली ही एकच रात्र अशी की अनोळखी शेजारी आपणहून आपली घंटी वाजवतो. त्याच रात्री आपण सगळे दिवा मालवून चर्चच्या भिंतीआड जायचे, हे मला पटत नाही. दार उघडणार असाल तर नीट उघडा. चॉकलेटऐवजी नुसती ‘तुम्ही नरकात जाल का?’ छापाची पत्रिका हातावर ठेवणारे विश्वासणारे मी पाहिले आहेत. आठ वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यावर तेव्हा काय उमटते ते त्यांनी एकदा थांबून बघावे. १९५० साली फिलाडेल्फियात एका प्रेस्बिटेरियन पाळकांनी आणि त्यांच्या पत्नीने याच फेरीत मुलांच्या हाती दुधाचे रिकामे डबे दिले आणि युनिसेफसाठी नाणी गोळा करायला लावले. पहिल्या वर्षी जमले १७ डॉलर. पुढे अमेरिकेतल्या लाखो मुलांनी तेच केले. मला हा मार्ग पत्रिकेपेक्षा जास्त ख्रिस्ती वाटतो.

आणि जे पाठवत नाहीत त्यांना माझा विरोध नाही. ज्याचे मन साक्ष देत नाही त्याने जाऊ नये, हे पौलाचेच म्हणणे. माझी विनंती एवढीच की नकार आईबापांनी स्वतः सांगावा. शाळेत, पार्टीत, मित्रांच्या घोळक्यात तो मुलाच्या तोंडून वदवून घेऊ नये. ‘आमच्यात चालत नाही’ हे वाक्य सात वर्षांच्या पाठीला फार जड असते. त्या संध्याकाळी मुलाला दुसरे काहीतरी खरोखर आवडीचे द्या, बंद पडद्याआड बसवून बाहेरचा हसण्याचा आवाज ऐकवू नका. शेजारच्या ख्रिस्ती घराने पाठवले तर त्यांच्या तारणाचा हिशेब मांडू नका. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांनी, म्हणजे कडव्या प्रॉटेस्टंटांनी, १६५९ ते १६८१ नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला होता, तोही शास्त्राच्या आधाराने. आज त्यांचे वंशज गोठ्याचे देखावे मांडतात.

खरी भीती कशाची बाळगावी, हेही सांगून टाकते. २०१९ साली ‘जामा पीडिअ‍ॅट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या ४२ वर्षांच्या रस्ते अपघातांचा अभ्यास छापून आला. हॅलोवीनच्या संध्याकाळी पायी चालणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका आसपासच्या इतर संध्याकाळींपेक्षा ४३ टक्के जास्त आढळला, लहान मुलांमध्ये त्याहूनही जास्त. अंधार, काळे कपडे, डोळ्यांवर मुखवटा आणि घाईत असलेला वाहनचालक.

या वर्षी आमच्या परिषदेत ठरले ते असे. नातू जाणार, फक्त ओळखीच्या चार घरांत, आईबरोबर. त्याला सांगाडा व्हायचे आहे. मुलाचा विरोध कायम आहे, तो येणार नाही म्हणाला. परवा मात्र तो कामावरून येताना एक गुंडाळी घेऊन आला आणि काही न बोलता माझ्या शिवणयंत्रावर ठेवून गेला. सायकलवाले लावतात ती चमकणारी पट्टी, गाडीचा दिवा पडला की लखकन दिसते ती. मी कापायला घेतली आहे. फासळ्यांच्या बारा जोड्या, या वेळी दोन्ही बाजूंना सारख्या.

आपली नम्र,
एक संडे स्कूल शिक्षिका